विश्लेषण : प्लग-इन हायब्रिड ‘ऑफ-रोड’ गाडी घाटात किती कामाची? फर्डिनांड पोर्शे यांच्या आयुष्यातून काय शिकता येते?

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वर गाठा किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने या, गाडीची खरी परीक्षा चढावरच होते. पेट्रोलचे दर आणि चार्जिंगची चिंता अशा दुहेरी कात्रीत सापडलेल्या ग्राहकाला ‘प्लग-इन हायब्रिड’ हा मधला मार्ग वाटू लागला आहे. त्यात चारही चाकांना ताकद देणारी दणकट ‘ऑफ-रोड’ गाडी असेल तर मोह आणखी वाढतो. भारतात अशा गाड्या अद्याप मोजक्या आणि महाग आहेत. त्यामुळे चुकीचा निर्णय परवडणारा नाही. मात्र इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत बसवण्याची कल्पना सव्वाशे वर्षे जुनी आहे. ती प्रत्यक्षात आणणाऱ्यांपैकी प्रमुख नाव म्हणजे फर्डिनांड पोर्शे. ही कल्पना कुठे चालते आणि कुठे फसते, हे दोन्ही त्यांनी अनुभवले.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय?

साध्या हायब्रिड गाडीत छोटी बॅटरी असते. इंजिन आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा यांवरच ती चार्ज होते. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी मोठी असते आणि ती घरच्या किंवा सार्वजनिक चार्जरवर भरता येते. त्यामुळे पहिले काही किलोमीटर गाडी केवळ विजेवर धावते, बॅटरी उतरली की इंजिन भार उचलते. विजेच्या मोटरला पूर्ण जोर जागेवरून सुटतानाच मिळतो, म्हणून चिखल, दगड आणि तीव्र चढावर ती उपयोगी पडते. पण अशा गाडीत इंजिन, पेट्रोलची टाकी, मोटर आणि बॅटरी हे सगळेच वाहून न्यावे लागते. हे वजन हीच पोर्शे यांची आयुष्यभराची डोकेदुखी होती.

पोर्शे यांची सुरुवात कशी झाली?

३ सप्टेंबर १८७५ रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील बोहेमियात, माफर्सडॉर्फ या गावी त्यांचा जन्म झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन पत्र्याचे कारागीर होते आणि मुलाने हाच धंदा पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. फर्डिनांड यांना मात्र गावातील गालिचा कारखान्यात आलेल्या विजेने झपाटले. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम आणि संध्याकाळी शेजारच्या रायखेनबर्ग शहरातील तांत्रिक शाळेत शिक्षण, असा त्यांचा क्रम होता. वयाच्या अठराव्या वर्षी ते व्हिएन्नातील बेला एग्गर या विद्युत उपकरणांच्या कंपनीत दाखल झाले. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. वेळ मिळेल तेव्हा ते तेथील तंत्रविद्यापीठात व्याख्याने ऐकायला जाऊन बसत. पुढे १९१७ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

विजेच्या गाडीत अडचण कोणती होती?

व्हिएन्नात राजघराण्यासाठी घोडागाड्या बनवणाऱ्या लोहनर कंपनीला मोटारींच्या व्यवसायात उतरायचे होते. पोर्शे तेथे रुजू झाले आणि त्यांनी मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसवली. त्यामुळे गिअर, साखळी, पट्टा यांची गरजच उरली नाही. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ही लोहनर-पोर्शे गाडी झळकली, तेव्हा तिचा निर्माता अवघा २४ वर्षांचा होता.

गाडी आवाज आणि धूर करत नव्हती. पण शिशाच्या बॅटऱ्यांचे वजनच सुमारे ४१० किलो होते आणि एका चार्जिंगमध्ये गाडी जेमतेम ५० किलोमीटर जाई. एका ब्रिटिश ग्राहकाला चारही चाकांत मोटर हवी होती. पोर्शे यांनी तशी गाडी बनवून दिली, पण तिच्या बॅटऱ्या सुमारे १,८०० किलोंच्या झाल्या. गाडीची बरीचशी ताकद स्वतःच्या बॅटऱ्या वाहण्यातच खर्च होऊ लागली.

मग हायब्रिडचा मार्ग कसा सुचला?

पोर्शे यांनी बॅटरी लहान केली आणि गाडीतच वीज तयार करण्याची सोय केली. त्यांच्या ‘सेम्पर व्हिवुस’ या प्रायोगिक गाडीत द दियाँ-बुताँ कंपनीची दोन छोटी पेट्रोल इंजिने होती. ती जनित्रे फिरवत आणि जनित्रांची वीज चाकांतील मोटरना मिळे. या लॅटिन नावाचा अर्थ सदैव जिवंत. १९०१ पासून ‘मिक्स्टे’ नावाने सुधारित गाडी आली. १९०२ मध्ये पोर्शे यांनी व्हिएन्नाजवळच्या एक्सेलबर्ग चढाच्या शर्यतीत ती चालवली आणि आपल्या गटात बाजी मारली. म्हणजे हायब्रिड गाडीने आपली ताकद घाटासारख्या चढावरच सिद्ध केली. त्याच वर्षी लष्करी सेवेत असताना युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांना गाडीतून नेण्याचे कामही पोर्शे यांच्याकडे आले.

ही गाडी बाजारात का टिकली नाही?

दोन यंत्रणा एकत्र आल्याने गाडी महाग आणि जड झाली, शिवाय देखभालही अवघड होती. चाकातील मोटरचे वजन स्प्रिंगच्या खाली येत असल्याने खडबडीत रस्त्याचे हादरे थेट चाकाला बसत. दरम्यान साधी पेट्रोल इंजिने झपाट्याने सुधारली आणि स्वस्त झाली. व्हिएन्नाच्या श्रीमंतांना शहरात मिरवायला हायब्रिड ठीक होती, पण रोजच्या ग्राहकाला तीच सोय निम्म्या गुंतागुंतीत मिळू लागली. १९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीत तांत्रिक संचालक झाले आणि १९१० च्या प्रिन्स हाइनरिश स्पर्धेत त्यांच्या पेट्रोल गाड्यांनी पहिले स्थान पटकावले.

एकाच तंत्राला एकदा यश आणि एकदा अपयश कसे?

इंजिनातून वीज आणि विजेतून गती ही कल्पना पोर्शे यांनी सोडली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी लष्करासाठी रस्त्यावरची आगगाडी बनवली. पुढच्या वाहनात इंजिन आणि जनित्र होते. तेथून केबलने मागच्या डब्यांच्या चाकांतील मोटरना वीज मिळे. प्रत्येक डबा स्वतःच्या चाकांवर जोर लावत असल्याने अवजड तोफा डोंगराळ भागातून नेता आल्या. वजन प्रचंड, वेग कमी, चढ तीव्र आणि पैशाचा प्रश्न गौण, अशा कामासाठी हे तंत्र योग्य ठरले.

दुसऱ्या महायुद्धात हेच तंत्र त्यांनी जर्मन ‘टायगर’ रणगाड्यासाठी वापरले. चाचण्यांत इंजिने तापू लागली, यंत्रणा बिघडू लागली आणि त्यासाठी तांबेही भरपूर लागत होते. १९४२ मध्ये हेन्शेल कंपनीच्या साध्या रचनेची निवड झाली. पोर्शे यांनी मात्र आधीच सांगाडे तयार करायला घेतले होते. त्यांपैकी सुमारे ९० सांगाड्यांवर ‘फर्डिनांड’ नावाच्या रणगाडाविरोधी तोफा चढवण्यात आल्या. प्रत्येकीचे वजन सुमारे ६५ टन होते. स्वतःच्या आवडत्या कल्पनेवरचा विश्वास चाचणीच्या निकालापुढे धावला की काय होते, याचे हे उदाहरण.

‘ऑफ-रोड’साठी त्यांचे उत्तर काय होते?

‘ऑफ-रोड’ म्हणून गाजलेली पोर्शे यांची ‘क्युबेलवागन’ हायब्रिड नव्हतीच, शिवाय ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालत असे. पण तिचे वजन साडेसातशे किलोंच्या आत होते, पोट सपाट होते आणि जमिनीपासूनची उंची चांगली होती. एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर मिळेल अशी सोय तिच्या डिफरन्शियलमध्ये होती. अडकलीच तर चार सैनिक तिला उचलून बाहेर काढू शकत. रशियाच्या चिखलात आणि आफ्रिकेच्या वाळूत ती चालली, ५० हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ऑफ-रोड क्षमता अश्वशक्तीइतकीच हलकेपणातूनही येते, हे तिने दाखवले.

हिटलरशी संबंध काय होता?

१९३१ मध्ये पोर्शे यांनी श्टुटगार्ट येथे स्वतःचे डिझाइन कार्यालय सुरू केले आणि १९३४ मध्ये त्यांना जनतेच्या गाडीचे, म्हणजे फोक्सवागनचे काम मिळाले. या ‘बीटल’ गाडीत टाट्रा कंपनीच्या हान्स लेडविंका यांच्या कल्पनांचा वापर झाल्याचा वाद पुढे न्यायालयात गेला आणि भरपाई देऊन मिटला. पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. गाडीसाठी सुमारे ३ लाख ३६ हजार जर्मन नागरिकांनी बचतीचे हप्ते भरले. नाझी राजवटीत त्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही, कारखाना युद्धसामग्री बनवू लागला. तेथे युद्धकैदी आणि छळछावण्यांतील लोकांकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. पोर्शे यांच्या प्रतिभेचे मूल्यमापन करताना हा भाग वगळता येत नाही.

युद्धानंतर फ्रान्सने त्यांना अटक केली. सुमारे २० महिन्यांच्या कैदेनंतर १९४७ मध्ये ते सुटले. तोवर पुत्र फेरी यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे काम सावरले होते. १९४८ मध्ये तेथेच पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार तयार झाली. ३० जानेवारी १९५१ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी फर्डिनांड यांचे निधन झाले.

महाबळेश्वरच्या घाटात हिशेब कसा मांडायचा?

माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन अडीच टन समजू. पोलादपूरहून महाबळेश्वरपर्यंत साधारण ४० किलोमीटरमध्ये सुमारे १,३०० मीटर चढ आहे. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यासाठीच जवळपास ९ युनिट वीज लागते. चाकांचे घर्षण, हवेचा विरोध, वातानुकूलन हे सगळे वेगळे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या जीप रँग्लरच्या प्लग-इन आवृत्तीत १७.३ युनिटची बॅटरी होती आणि तेथील अधिकृत चाचणीत ती विजेवर सुमारे ३५ किलोमीटर जाई. म्हणजे अशी गाडी पोलादपूरला पूर्ण चार्ज केली, तरी माथ्यावर पोहोचण्याआधी इंजिन सुरू होणार. त्यानंतर ते इंजिन बॅटरीचे वजनही चढावर ओढणार.

वाईकडून चढ साधारण निम्मा आहे, त्यामुळे गणित थोडे सुकर होते. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि काही वीज परत मिळते. पण बॅटरी महाबळेश्वरमध्ये काठोकाठ भरून लगेच घाट उतरायला लागल्यास ती वीज साठवायला जागाच राहत नाही. म्हणून माथ्यावर मुक्काम असेल, तर बॅटरीत थोडी जागा ठेवूनच निघावे.

ही गाडी कोणाला उपयोगी, कोणाला नाही?

पाचगणी-महाबळेश्वर अशी रोज ये-जा करणारा, स्वतःच्या अंगणात चार्जिंगची सोय असलेला आणि अधूनमधून पुणे-मुंबईला जाणारा रहिवासी हा सर्वात योग्य ग्राहक. त्याच्या एका फेरीचे अंतर सुमारे २० किलोमीटर असते, म्हणजे बहुतेक धाव विजेवर होते. पावसाळ्यात वीज गेली तरी पेट्रोल हाताशी असते. तापोळ्याच्या बाजूला कच्च्या वाटांवर जावे लागत असेल, तर मोटरचा संथ आणि नेमका जोर तेथेही कामाला येतो.

पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्याचे गणित वेगळे आहे. सुमारे १२० किलोमीटरच्या प्रवासात बॅटरी महामार्गावरच संपते आणि घाट पेट्रोलवर चढावा लागतो. काही गाड्यांत बॅटरी राखून ठेवण्याची सोय असते. ती वापरून वीज घाटासाठी ठेवता येते, पण एकूण बचत मर्यादितच राहते. सोसायटीच्या वाहनतळात चार्जिंगची परवानगी नसेल, तर ती बचतही उरत नाही. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघाले. लोक त्या पुरेशा चार्ज करत नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

त्यामुळे खरेदीपूर्वी महिनाभर एका वहीत रोजचे किलोमीटर, रात्री गाडी कुठे उभी राहते आणि डांबरी रस्ता सोडून किती वेळा जावे लागले, एवढ्या तीन नोंदी ठेवाव्यात. बहुतेक दिवशी धाव ३०-४० किलोमीटरच्या आत असेल, रात्री गाडीजवळ प्लग असेल आणि कच्चा रस्ता खरोखर वारंवार लागत असेल, तर प्लग-इन हायब्रिड ऑफ-रोड गाडीचा विचार योग्य. धाव तेवढीच असून कच्चा रस्ता लागत नसेल, तर छोटी विद्युत गाडी पुरते. धाव मोठी आणि घरी प्लग नसेल, तर साधी हायब्रिड किंवा हलकी पेट्रोल गाडी स्वस्त पडेल. एकच तंत्र तोफा ओढताना यशस्वी आणि रणगाड्यात निरुपयोगी ठरल्याचे पोर्शे यांनी पाहिले. आपले काम यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे गाडी विक्रेता सांगणार नाही. ते त्या वहीतूनच कळेल.