दहावी-बारावीच्या रचनेमागचा बहिरेवाडीचा माणूस : जे. पी. नाईक

आपल्या घरातलं पोरगं दहावी झालं, बारावी झालं, मग तालुक्याच्या कॉलेजात तीन वर्षांची डिग्री केली, असं आपण सहज बोलून जातो. पण ही दहा, दोन आणि तीन वर्षांची मांडणी आली कुठून? महाराष्ट्रात १९७५ च्या आधी शाळा अकरावीला, म्हणजे जुन्या मॅट्रिकला संपायची. हा बदल ज्या अहवालामुळे झाला, त्याच्या कामाचा मोठा भार उचलणारा माणूस आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातला, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा होता. त्यांचं नाव जे. पी. नाईक.

५ सप्टेंबर १९०७ रोजी बहिरेवाडीत त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे जयंत पांडुरंग नाईक या नावाने ते देशभर ओळखले गेले. ५ सप्टेंबरला सगळीकडे शिक्षक दिन साजरा होतो, पण त्याच तारखेला जन्मलेल्या या शिक्षणतज्ज्ञाचं नाव आपल्या शाळांतल्या किती पोरांना माहीत आहे, हा प्रश्नच आहे.

तुरुंगातून खेड्यात

स्वातंत्र्याच्या चळवळीत १९३२ मध्ये नाईक यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्यांनी शहर धरलं नाही. धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात ते जाऊन राहिले. तिथे शाळा आणि गावसुधारणा अशी कामं त्यांनी हाती घेतली. पोरं शाळेत का येत नाहीत, आलेली मध्येच का सोडतात, हे त्यांनी आधी गावात बघितलं आणि मग कागदावर मांडलं.

१९४० च्या सुमारास ते कोल्हापुरात आले. त्यावेळी कोल्हापूर संस्थान होतं. संस्थानाच्या विकासाच्या कामात त्यांनी जबाबदारी सांभाळली. त्याच काळात सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत त्यांनी इंग्रज राजवटीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. शिक्षकांच्या कितीतरी पिढ्या प्रशिक्षणाच्या काळात तोच इतिहास शिकल्या.

भुदरगड तालुक्यातील गारगोटीचं मौनी विद्यापीठही अनेकांना माहीत असेल. डॉ. व्ही. टी. पाटील यांनी ही संस्था उभी केली, आणि तिच्या आखणीत नाईक यांचा मोठा वाटा होता. खेड्यातल्या पोरांना शिकण्यासाठी गाव सोडावं लागू नये आणि शिक्षण शेतीभातीशी, गावच्या कामाशी जोडलेलं असावं, हा त्यामागचा विचार. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था सुरू केली. शिक्षणावर संशोधन करणारी ही संस्था पुढे पुण्यात आली.

देशाच्या शिक्षणाचा हिशोब

१९५९ मध्ये ते दिल्लीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयात प्राथमिक शिक्षणाचे सल्लागार झाले. राज्यघटनेत लिहिलं होतं की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं यासाठी सरकारने झटावं. ती मुदत १९६० मध्ये संपली, तरी काम अर्धवटच होतं.

नाईक यांचं म्हणणं सरळ होतं. पहिलीत नाव घातलेल्या पोरांचा आकडा बघून खूश होऊ नका. त्यातली किती पोरं पाचवीला, सातवीला पोहोचतात ते बघा. जनावरं राखणारं, धाकट्या भावंडाला सांभाळणारं पोर दिवसा शाळेत येऊच शकत नसेल, तर पालकांना दोष देऊन भागणार नाही. शाळेची वेळ आणि पद्धत बदलायला हवी. वय वाढलेल्या मुलालाही मधूनच शाळेत येता यावं आणि काम करणाऱ्या मुलांसाठी थोड्या वेळाची शाळा असावी, असा त्यांचा आग्रह होता.

१९६४ मध्ये केंद्र सरकारने डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. आयोग राज्याराज्यांत फिरला. सुमारे ९ हजार लोकांशी बोलणं झालं, २ हजार ४०० निवेदनं आली. हे सगळं वाचून, मोजून, त्यातून अहवाल उभा करणं हे सचिवाचं काम. जून १९६६ मध्ये अहवाल सरकारला दिला गेला. त्यावरूनच १९६८ चं पहिलं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं.

अहवालातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी. दुसरी, गरीब-श्रीमंत सगळ्यांची मुलं जवळच्या एकाच शाळेत शिकावीत. तिसरी, शाळा संकुल.

शाळा संकुल म्हणजे काय?

ही तिसरी गोष्ट आज वाड्या-वस्त्यांच्या जिव्हाळ्याची आहे. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा गावोगावी काळजी पसरली. कोठारी आयोगाचं शाळा संकुल मात्र वेगळं होतं. त्यात एक हायस्कूल आणि आसपासच्या प्राथमिक शाळा एकमेकींना जोडायच्या. हायस्कूलची प्रयोगशाळा, ग्रंथालय लहान शाळांनी वापरायचं, शिक्षकांनी एकमेकांना मदत करायची. म्हणजे लहान शाळा जागेवरच राहते, एकटी पडत नाही. जोडणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. एकशिक्षकी शाळा हा विषयही नाईक यांच्या अभ्यासाचा होता. छोट्या गावाला अशी शाळा लागणारच, तेव्हा एकाच खोलीत अनेक वर्ग कसे शिकवायचे ते त्या शिक्षकाला नीट शिकवा, असं ते मांडत.

स्वतःच्याच अहवालाची तपासणी

१९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तिचेही ते पहिले सदस्य-सचिव. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकदम साधल्या तरच शिक्षण उभं राहतं, एक पुढे नेताना दुसरी मागे पडते, हे त्यांनी १९७५ च्या पुस्तकात दाखवलं. चुलीचा एक दगड काढला तर भांडं कलंडतं, तसंच हे.

उतारवयात पत्नी डॉ. चित्रा नाईक यांच्यासह पुण्याच्या संस्थेतून त्यांनी खेड्यात शाळा सुटलेल्या मुलांसाठी संध्याकाळच्या वर्गांचा प्रयोग सुरू केला. शेवटचं मोठं काम मात्र वेगळंच होतं. ज्या आयोगाचे आपण सचिव होतो, त्याच्या शिफारशींचं पुढे काय झालं, याचा त्यांनी हिशोब मांडला. दहा-दोन-तीनची रचना आली, पण सगळ्यांसाठी समान शाळा आली नाही. धोरण कागदावर येतं, पण सोयीचं तेवढंच उचललं जातं, हे त्यांनी लपवलं नाही. ३० ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले. ते पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं.

६ टक्क्यांचा आकडा देशाने अजून गाठलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तो पुन्हा लिहिला आहे, शाळा संकुलही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली आपल्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणून आपल्या वाडीच्या शाळेचा विषय निघाला, तर समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत आधी एवढंच विचारा : आमची शाळा जोडणार आहात, की बंद करणार आहात? बंद केली, तर यातली किती पोरं, त्यातही किती पोरी, रोज तेवढं अंतर चालून जातील? नाईक यांनी आयुष्यभर हाच हिशोब केला. तो करायला मोठी डिग्री लागत नाही, गावातल्या पोरांची यादी आणि वही-पेन पुरे.