रहीम सर : फुटबॉलचे शिक्षक



फुटबॉल म्हणजे चेंडूमागे धावणे, असे आपल्यातील अनेकांना वाटते. सय्यद अब्दुल रहीम यांचे जीवन पाहिले की हा समज दूर होतो.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी जन्मलेले हैदराबादचे रहीम सर पेशाने शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या भारतीय संघाने सुवर्णपदक पटकावले. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत.

त्या पराभवानंतर खेळाडूंच्या पायात बूट आले आणि सरांनी संघाची मांडणी बदलली. डावा-उजवा असे दोन्ही पाय सारखे तयार व्हावेत, चेंडू आपल्याजवळ न ठेवता चटकन सहकाऱ्याला द्यावा, ही त्यांची शिकवण. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिचे फळ दिसले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३ गोल केले, भारत ४-२ ने जिंकला आणि शेवटी चौथा आला.

१९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाली. सरांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून २-० ने हरला. पुढे बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. सरांनी त्याला चक्क आघाडीवर खेळवले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता आणि प्रेक्षक भारताच्या विरोधात होते. पी. के. बॅनर्जी व त्याच जर्नेलने गोल केले, भारत २-१ ने जिंकला. या संघात गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँकोही होते. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, सरांनी जगाचा निरोप घेतला.

प्रशिक्षक स्वतः गोल करीत नाही. त्याचे श्रम दुसऱ्यांच्या पायांतून फळाला येतात. आईवडील आणि शिक्षक यांचेही तसेच नाही का? आपली मुले मैदानावरून परतली की किती गोल केलेस, असे आपण विचारतो. यापुढे, चेंडू कोणाला दिलास, हेही विचारू या.