प्लेगप्रतिबंधक लशीचे जनक प्रोफेसर हाफकिन

मुंबईत परळ भागी हाफकिन इन्स्टिट्यूट ही विख्यात संस्था आहे. सर्पदंशावरील लशीच्या निमित्ताने तरी हे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले असेल. परंतु हाफकिन हे एका मनुष्याचे नाव होते, तो मनुष्य कोण, कोठला, आणि आमच्या पणजोबांच्या पिढीवर त्याचे ऋण कोणते, हे विचारले असता सांगू शकणारे थोडेच निघतील. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

वॉल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर त्या काळी रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. त्या राज्यात यहुदी लोकांवर वारंवार हल्ले होत. १८८१ च्या दंगलीत आपल्या लोकांच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे सरसावले आणि त्यापायी त्यांस अटकही झाली. विद्वत्ता असूनही विद्यापीठात अध्यापकाची जागा त्यांस मिळेना, कारण त्यासाठी धर्मांतराची अट होती आणि ती त्यांनी कदापि मान्य केली नाही. अखेर १८८८ साली मायदेश सोडून ते जिनीव्हास व पुढल्या वर्षी पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथेही प्रथम मिळाले ते ग्रंथपालाच्या मदतनिसाचे काम! परंतु पुस्तके लावता लावता फावल्या वेळी या गृहस्थांनी पटकीच्या जंतूंचा अभ्यास आरंभिला व त्या रोगावर प्रतिबंधक लस सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी सर्वांआधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले, पण जिवाला अपाय झाला नाही.

लस खरोखर उपयोगी पडते किंवा नाही, हे पाहावयाचे तर पटकी जेथे घर करून बसली आहे तेथेच गेले पाहिजे. असा देश म्हणजे आपला हिंदुस्थान. मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले. तेथून पुढे सुमारे सव्वादोन वर्षांत त्यांनी ४२ हजारांच्या आसपास लोकांस लस टोचली. लोक बिचकत, कोठे दगडही येत. अशा वेळी हाफकिनसाहेब स्वतःची बाही वर सारून आधी आपल्याच अंगात सुई खुपसून घेत. ही त्यांची कायमची रीत होती. मलेरियाने जर्जर झाल्यामुळे १८९५ साली त्यांस युरोपात परतावे लागले, पण थोडे बरे वाटताच ते पुन्हा आले.

तोच मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील रोग्यांस झाला आहे तो ग्रंथिक सन्निपातच, असे निदान डॉ. व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने केले. उंदीर पडावे, माणसास ताप भरून काखेत वा जांघेत गाठ यावी आणि चारपाच दिवसांत सारे आटोपावे, असा तो रोग. लक्षावधी लोक मुंबई सोडून गावोगाव पळाले. सरकारने कडक उपाय योजिले. घरोघर झडत्या, रोग्यांस ओढून इस्पितळात नेणे, घरच्या मंडळींस छावणीत कोंडणे, हे सर्व सोजिरांकरवी चालले. पुण्यास त्याचा परिणाम काय झाला, हे २२ जून १८९७ च्या रँडसाहेबावरील हल्ल्याने सर्वांस ठाऊक आहेच. त्याच वर्षी १० मार्च रोजी रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगलाच बळी पडल्या.

या गोंधळात हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व व्हरांडा मिळाला. दिमतीस एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या सरंजामावर तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली. तिची कृती आमच्या भगिनींसही रंजक वाटेल. हिंदु व मुसलमान दोघांच्याही धर्मभावनेस धक्का लागू नये म्हणून गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य करून बकऱ्याच्या मांसाचा रस्सा घ्यावयाचा, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे आणि त्यात प्लेगचे जंतु सोडावयाचे. तुपाच्या थेंबाखाली जंतूंची वाढ वडाच्या पारंब्यांसारखी लोंबू लागते. बाटली हालविली की पारंब्या तळाशी गळतात व नव्या फुटतात. पाचसहा आठवड्यांनी सर्व जंतु उष्णतेने मारून, कार्बोलिक ॲसिड घालून ती बाटली बंद करावयाची. परक्या देशातून आलेल्या या शास्त्रज्ञाने आपल्या स्वयंपाकघरातील तुपाचा असा उपयोग करावा, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. मात्रा पुढे लोकांस दिली त्याहून कितीतरी मोठी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक लस घेण्यास राजी झाले. पुढे न टोचलेल्यांपैकी १२ जणांस रोग होऊन ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांस रोग झाला, पण मेला कोणीही नाही. तरीही शंका उरते, की धट्टेकट्टे तेवढेच पुढे आले असतील. म्हणून १८९८ साली बडोद्यानजीकच्या उंधेरा गावी त्यांनी एकेका घरातील निम्म्या माणसांस टोचून निम्मी तशीच ठेवली. एकच चूल, एकच छप्पर, फरक तेवढा सुईचा. त्यानंतर ज्या घरांत प्लेग झाला त्यांत टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांस रोग होऊन ३ मेले, न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांस होऊन २६ मेले. आम्ही आयुष्यभर पोरांस गणित शिकविले, पण याहून बोलके उदाहरण आम्हांस पुस्तकात आढळले नाही. ही लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. ती घेतल्यावर ताप येई, दंड सुजे, तिचा प्रभाव काही महिनेच टिके. आज प्लेग झालाच तर तो बरा करणारी औषधे वेळेवर मिळू शकतात. त्या काळी मात्र दुसरे काहीच हाती नव्हते.

येथे आमच्या ज्ञातिबांधवांनी ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट आहे. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान हे त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते. त्यांनी आपली खुश्रू लॉज ही इमारत प्रयोगशाळेसाठी दिली, इतकेच नव्हे तर आपल्या लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली, तीही एकदाच नव्हे. थोड्याच महिन्यांत त्या समाजातील दहाबारा हजार लोक टोचून मोकळे झाले. सोजिरांच्या बंदुकीने जे झाले नाही ते एका पुढाऱ्याच्या उघड्या दंडाने झाले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली आणि हाफकिन तिचे संचालक झाले.

यानंतरचा भाग लिहिताना मन खिन्न होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांस लस टोचण्यात आली. त्यापैकी ५३-एन या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांस टोचले, ते सर्वच्या सर्व धनुर्वाताने मेले. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही काही झाले नाही. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. मागणी अफाट वाढल्यामुळे लस त्वरेने व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. त्यावर बोट ठेवून दोष परळच्या प्रयोगशाळेतच घडला असे ठरविण्यात आले. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते इंग्लंडास गेले.

वस्तुतः पुरावा दुसरीकडे बोट दाखवीत होता. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने वापरला. धनुर्वाताचे जंतु मातीत असतात, हे आज शाळेतील मुलगाही जाणतो. शिवाय ते जंतु कित्येक आठवडे बाटलीत वाढत असते तर तिला दुर्गंधी सुटती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरास तशी काहीच घाण आली नव्हती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही हीच गोष्ट दाखवून दिली. तरी कागद हलेनात. हाफकिन हे परदेशी, त्यातून यहुदी, त्यातून वैद्यकीची पदवी नसलेले. सरकारी वैद्यखात्यातील कित्येकांस ते सलतच होते, असे आम्हांस वाटते. अखेर मलेरियाच्या संशोधनाने कीर्ती पावलेले रोनाल्ड रॉस पुढे झाले. जुलै १९०७ मध्ये त्यांनी इतर नऊ नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्या घेऊन लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कोठे त्या वर्षअखेर सरकारने हाफकिन यांस दोषमुक्त केले. पाच वर्षे गेली होती.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळची जागा त्यांस लाभली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. पटकीच्या नव्या लशीचे प्रयोग लोकांवर करण्याची परवानगी मात्र सरकारने दिली नाही. ज्याने सर्वांआधी स्वतःच्या देहावर प्रयोग केला, त्याला आता कागदावर संशोधन करावयास बसविले! वयाच्या ५५ व्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपात गेले. त्यांनी विवाह केला नव्हता.

इकडे परळची प्रयोगशाळा वाढतच होती. १८९७ ते १९२५ या काळात तेथून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ साली सरकारने त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव दिले. ही वार्ता कळली तेव्हा आपल्या आयुष्यातील सर्वांत उत्तम वर्षे मुंबईच्याच कामी लागली, अशा आशयाचे पत्र त्यांनी पाठविले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. आपली शिल्लक पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी मुलांच्या शिक्षणासाठी आधीच ठेवून दिली होती. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.