संततिनियमनाचे एकाकी प्रवर्तक : र. धों. कर्वे

भिवंडी, प्रतिनिधी : विवाह जुळवताना पत्रिका मागितली जाते, थॅलेसेमियाच्या रक्ततपासणीचा विषय काढणे मात्र आजही अनेक घरांत अवघड जाते. अपत्यप्राप्तीचा निर्णय दैवावर न सोडता ज्ञानाच्या आधारे घ्यावा, या विचारासाठी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आयुष्य वेचले.

१४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथ हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. पुढे गणिताचे प्राध्यापक झालेल्या कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरीवर पाणी सोडावे लागले. तरीही १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. पत्नी मालतीबाई यांची साथ होती. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाजू मांडूनही दंड टळला नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी मासिक चालवले.

त्यांच्या काळी वाहक तपासणी उपलब्ध नव्हती. थॅलेसेमियाचा वाहक स्वतः निरोगी दिसतो. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्याला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तपासणीचे साधन नवे आहे. आधी जाणून घ्यावे आणि निर्णय दांपत्याने करावा, हा आग्रह कर्वे यांचाच.