मातीचे गणित मांडणारे कार्ल टर्झागी

माती म्हटली की आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांना पेरणी आठवते. माझे वडील मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही ते सांगतात. पण त्याच मातीवर धरण टिकेल काय, इमारत किती खचेल, हे हिशेबाने सांगणारेही एक शास्त्र आहे. मृदा यांत्रिकी हे त्याचे नाव आणि कार्ल टर्झागी हे त्याचे जनक.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. ग्रात्स येथे ते यंत्र अभियांत्रिकी शिकले. ओढा मात्र भूगर्भशास्त्राकडे होता. बांधकामांवर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. लोखंडाची ताकद मोजता येत होती, मातीच्या बाबतीत सारा अंदाजाचा कारभार! १९१२ साली डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेला गेले. धरणाची कामे पाहत हिंडले, पुष्कळ माहिती जमवली. पण तिच्यातून नियम काही हाती लागेना. निराश होऊन ते परतले.

१९१६ साली ते कॉन्स्टँटिनोपल येथे अध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात पराभव झाला आणि ती नोकरी गेली. मग तेथल्याच रॉबर्ट कॉलेजात ते शिकवू लागले. साधने नव्हती. सिगारच्या रिकाम्या पेट्या आणि मिळेल ते सामान जुळवून त्यांनी मातीवर प्रयोग सुरू केले.

फडक्यात बांधलेल्या दह्यावर दगड ठेवला की पाणी हळूहळू गळते आणि चक्का घट्ट होतो. ओल्या चिकणमातीचेही तसेच आहे. भार आधी कणांमधले पाणी पेलते. पाणी निघून जाईल तसतसा तो कणांवर येतो. म्हणूनच इमारती वर्षानुवर्षे खचत राहतात. हे टर्झागींनी गणितात मांडले. १९२५ साली त्यांचा ग्रंथ व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झाला आणि नव्या शास्त्राचा पाया घातला गेला.

पुढे अमेरिका, व्हिएन्ना आणि १९३८ पासून हार्वर्ड असे त्यांचे अध्यापन चालले. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी ते निवर्तले. कॅनडातील एका धरणाला त्यांचे नाव दिलेले आहे.

आजही या विषयात संशोधन करून पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी चिकणमातीची चकती यंत्रात दाबतो, एक वजन ठेवून बहुधा चोवीस तास थांबतो आणि मगच दुसरे ठेवतो. माती घाई करत नाही. तिचा अभ्यास करणाऱ्यालाही करता येत नाही. हे मी वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही.