घरादाराचे चित्रपटकार : दादासाहेब फाळके

व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपनीने दादासाहेब फाळक्यांकडून काय शिकावे, असे विचारले तर कुणी हसेलही. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मोबाईलवर खेळणारे मूल आणि त्याला रागावणारी आई मी घरोघर पाहतो. मूल खेळाशी बांधले गेले, घरातली बाकीची माणसे मात्र त्या खेळाला परकीच राहिली. दादासाहेबांनी आधी सारे घर आपलेसे केले, हे त्यांचे चरित्र वाचताना मला विशेष जाणवले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. पुढे छायाचित्रण, छपाई असे नाना उद्योग त्यांनी केले. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि यंत्रसामग्री मिळवून परतले. पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला छिद्रे पाडीत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

तंत्र नवे, पण कथा आजीच्या तोंडची. त्यामुळे आजीला आणि नातवाला ती सारखीच उमगे. 'लंकादहन' (१९१७) आणि 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) यांनी हाच मार्ग धरला. 'कालियामर्दन' (१९१९) मध्ये तर कन्या मंदाकिनीच बाळकृष्ण झाली. फाळक्यांचे चित्र म्हणजे सहकुटुंब पाहण्याजोगे चित्र, असा विश्वास जाहिरातीने नव्हे, अशा कामातून जमतो.

१९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. मतभेद होऊन फाळके काशीला गेले. काही काळाने परतले. पुढे बोलपट आला आणि काळ बदलला. 'गंगावतरण' (१९३७) हे त्यांचे अखेरचे चित्र. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. कमावलेले नावही नव्या तंत्राशी जुळवून घ्यावे लागते, हा त्यांच्या आयुष्याचा दुसरा धडा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण आणि आपल्या पुराणांतले देव-दैत्य त्यात आहेत. मित्रहो, अशा खेळाची गोष्ट आजीलाही सांगता येते. आपल्यापैकी कुणी उद्या खेळ घडवायला बसेल, तेव्हा तो आईसमोर उघडता येईल का, एवढे त्याने आधी पाहावे, असे मला वाटते.