भार उचलणारा जोसेफ ब्रामा

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात पास्कलच्या नियमाखाली एक आकृती हटकून असते. एक अरुंद नळी, एक रुंद नळी, दोन्ही तळाशी जोडलेल्या आणि दोहोंत एकेक दट्ट्या. खाली ब्रामा प्रेस असे नाव. परीक्षेत ती आकृती काढून आपण चार-पाच गुण पदरात पाडून घेतो. पण ब्रामा हा कोणी हाडामांसाचा माणूस होता, त्याला हट्ट होते, भांडणे होती, हे आपल्या मनातही येत नाही. पास्कलविषयी निदान चार ओळी तरी असतात. ब्रामाच्या वाट्याला नुसते नाव आले. वास्तविक गॅरेजमध्ये मोटार जॅकवर चढवणारा मिस्त्री रोज वापरतो ती करामत ब्रामाची आहे. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि झडपा तयार होतात, त्यांचे कूळही शोधत गेले तर ह्याच माणसापाशी जाऊन पोहोचते.

जोसेफ ब्रामाचा जन्म १७४८ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बार्न्सली गावाजवळच्या स्टेनबरो येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. बापाची शेती करायची, हे ठरल्यासारखेच होते. परंतु सोळाव्या वर्षाच्या सुमारास पायाला जबर दुखापत झाली आणि नांगरामागे चालणे संपले. मग त्याला गावच्या टॉमस ॲलट नावाच्या सुताराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. एका लंगड्या पायामुळे जगाला एक यंत्रज्ञ मिळाला, असे म्हणण्याचा मोह होतो; पण लहानपणीच तो लाकडाची वाद्ये कोरून काढीत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तेव्हा हाताला वळण आधीचेच होते.

उमेदवारी संपल्यावर तो लंडनला गेला, तोही पायी, आणि सुतारकाम करू लागला. श्रीमंतांच्या घरी त्या काळी नव्यानेच शौचकूप बसवले जात होते आणि ब्रामाला ते काम मिळत असे. हिवाळ्यात त्यांतली झडप गोठून बसते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने सरकत्या झडपेऐवजी बिजागरीवर फिरणारी झडप बसवली आणि १७७८ साली तिचे पेटंट घेतले. पुढे कीर्तिमान झालेल्या संशोधकाची सुरुवात संडासाच्या झडपेपासून झाली, हे वाचून कोणी नाक मुरडील. मला मात्र त्यात त्याचा सगळा स्वभाव दिसतो. समोर पाणी आहे, ते एका बाजूने थांबवायचे आणि दुसऱ्या बाजूने सोडायचे, गळू द्यायचे नाही. पुढची छत्तीस वर्षे तो हेच करीत राहिला.

१७८४ साली त्याने कुलुपाचे पेटंट घेतले. ह्या कुलुपाची किल्ली म्हणजे टोकाला कमीजास्त खोलीच्या खाचा असलेली लहानशी नळी. ती आत दाबली की प्रत्येक खाच एकेका पट्टीला नेमक्या अंतरापर्यंत ढकलते आणि सगळ्या पट्ट्या जागेवर आल्या तरच कुलूप फिरते. पिकॅडिली रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत असे एक कुलूप मांडून, ते उघडणारे साधन करून आणील त्याला २०० गिनी देण्याचे त्याने जाहीर केले. ब्रामाच्या हयातीत ते कोणालाही उघडले नाही. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्स ह्या अमेरिकनाने ते उघडले, पण त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास खर्चावे लागले.

कुलूप कागदावर काढणे सोपे होते. ते शेकड्यांनी आणि तंतोतंत बनवणे कठीण होते. हाताने कानस चालवून ते परवडेना. म्हणून १७८९ साली वुलविचच्या शस्त्रागारातील अठरा वर्षांचा एक पोरगा ब्रामाने कामाला घेतला. त्याचे नाव हेन्री मॉडस्ली. अनुभवी कारागिरांनी प्रथम नाके मुरडली असतील, पण थोड्याच काळात तो कारखान्याचा मुकादम झाला. कुलुपाचे भाग कापण्यासाठी लागणारी यंत्रे दोघांनी मिळून उभी केली. पुढे लेथच्या इतिहासात मॉडस्लीचे नाव अजरामर झाले, त्याची तालीम ह्या कारखान्यात झाली होती.

आता त्या प्रेसकडे येऊ. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे पास्कलने सांगितले होते. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. म्हणजे नियम सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकात पडून होता. १७९५ साली ब्रामाने त्यावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मध्ये इतका काळ का गेला? उत्तर गळतीत आहे. दट्ट्या सैल ठेवला तर पाणी बाजूने निसटते. भोवती पक्के भरण भरले तर पाणी थांबते, पण दट्ट्याही अडकतो आणि दाब काढल्यावर खाली येत नाही. ह्या पेचातून चामड्याच्या एका वायसरने सुटका केली. चामडे वाटीसारखे वळवून असे बसवले, की पाण्याचा दाब वाढला की त्याची कड आपोआप फाकून दट्ट्याला घट्ट चिकटावी आणि दाब गेला की सैल व्हावी. दाबच गळती अडवतो! ही युक्ती बहुतेक लेखक मॉडस्लीच्या नावावर लिहितात. पेटंटावर नाव ब्रामाचे, प्रेसही ब्रामाचा. आणि ज्याच्यामुळे तो चालला ते चामडे मात्र नोकराचे. पाठ्यपुस्तकातील आकृतीत ते चामडे दाखवलेलेही नसते.

विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित करू. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळांचे प्रमाण १ : २५ होते. लहान दट्ट्या दाबणाऱ्या दांड्याची तरफ १० पट असेल तर एकूण लाभ २५० पट. घर्षण सोडून दिले तर ४ किलोच्या जोराने १,००० किलो उचलले जातात. पण फुकट काहीच मिळत नाही. दांड्याचे टोक २५ सेंटिमीटर खाली आणावे तेव्हा लहान दट्ट्या अडीच सेंटिमीटर उतरतो आणि मोठा अवघा १ मिलिमीटर वर चढतो. जॅकचा दांडा मिस्त्री इतक्या वेळा का हलवतो, ते ह्यावरून कळावे.

ह्या यशानंतर दोनच वर्षांनी, १७९७ साली, मॉडस्लीने पगारवाढ मागितली. त्याला आठवड्याला ३० शिलिंग मिळत होते; लग्न झाले होते, संसार वाढत होता. ब्रामाने नकार दिला आणि मॉडस्लीने नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढला. काही थोर माणसांना स्वतःच्या हाताखालच्या माणसाची किंमत कळत नाही, की कळत असूनही द्यावीशी वाटत नाही? ब्रामाच्या बाबतीत दुसरे खरे असावे, असा माझा तर्क आहे. कारण तो मूर्ख खासच नव्हता. आणखी एक विसंगती अशी, की आयुष्यभर पेटंटांवर जगलेला हा माणूस जेम्स वॉटच्या पेटंटाविरुद्ध मात्र १७९६ साली न्यायालयात साक्ष द्यायला उभा राहिला आणि पुढच्या वर्षी न्यायमूर्तींना उद्देशून एक लांबलचक पत्रही त्याने छापून काढले. वॉटने लिहून दिलेले वर्णन अपुरे आहे, असा त्याचा मुख्य आक्षेप होता.

बाकीच्या शोधांची यादी देत बसत नाही. तळघरातून बिअर वर ओढणारा पंप, लाकूड रंधण्याचे प्रचंड यंत्र, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र अशी त्याची एकूण १८ पेटंटे आहेत. प्रेसचा प्रसार मात्र फार झाला. हुबळीकडच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कापसाची गाठ दाबताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

प्रेस दाबतो तसा उचलतोही. ब्रामाने तो हॅम्पशायरमधील होल्ट जंगलात नेला आणि झाडे मुळासकट उपटण्याला जुंपला. तीनशेहून अधिक झाडे उपटली गेली. त्या कामावर देखरेख करताना त्याला थंडी बाधली आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी लंडनमध्ये त्याचा अंत झाला. वय ६६ होते.

त्याच्या मागे त्याच्या यंत्राची खरी कसोटी लागली ती १८४९ साली, वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर. रॉबर्ट स्टीफन्सन तेथे रेल्वेसाठी ब्रिटानिया पूल बांधत होता. पंधराशे टनांहून अधिक वजनाच्या लोखंडी नळ्या पाण्यावरून शंभर फूट उंच चढवायच्या होत्या, त्या हायड्रॉलिक प्रेसने. ऑगस्ट महिन्यात एका प्रेसचा तळ फुटला. नळी खाली आली, पण काही इंचच; कारण नळी जसजशी वर चढेल तसतसा तिच्याखाली पक्का आधार रचत जायचा, अशी स्टीफन्सनची सक्त ताकीद होती. तो आधार नसता तर पूल आणि माणसे दोन्ही गेली असती. प्रेस उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही, हे त्याने जाणले होते. चामडे फाटते, लोखंड चिरते, झडपेत कचरा अडकतो.

१८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हा प्रेस हातात उचलून नेता येईल असा बनवला, तोच हायड्रॉलिक जॅक. मोटारी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या. त्या हळूहळू बुटक्या होत गेल्या आणि एक नवीच अडचण उभी राहिली. गाडीचे पोट जमिनीला इतके टेकलेले, की जॅक खाली शिरतच नाही. पुष्कळ जण अशा वेळी जागा दिसेल तिथे, तेलाच्या टाकीखाली नाहीतर तळाच्या पातळ पत्र्याखाली जॅक कोंबतात. पत्रा चेपतो, आणि गाडी घसरली तर तेवढ्यावर भागत नाही.

ह्यावर उपाय साधा आहे. सपाट, टणक जागी दोन जाड, रुंद फळ्या मांडून त्यांवर एका बाजूची चाके हळूच चढवावीत. दीड-दोन इंच उंची मिळाली की बुटका ट्रॉली जॅक आत सरकतो. हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, जी चाके उचलायची नाहीत त्यांच्या मागेपुढे ठोकळे लावावेत. चाक काढायचे असेल तर नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या मजबूत कडेखालीच जॅक लावावा. उचलताना जॅकचे डोके कमानीत फिरते, म्हणून त्याची चाके पुढेमागे सरकायला मोकळी हवीत. मातीत ती रुततात आणि गाडी ओढली जाते. पुरेशी उंची आली की, स्टीफन्सनने केले तेच करायचे : लोखंडी घोडी खाली लावून भार तिच्यावर उतरवायचा. विटा रचू नयेत, त्या अचानक फुटतात. घोडीवर गाडी बसल्यावर बाजूने धक्का देऊन पाहावा, आणि ती हलली नाही तरच खाली शिरावे. काम झाल्यावर जॅकने भार पुन्हा अलगद उचलून घोडी काढावी आणि जॅकची झडप अगदी किंचित सैल करावी. पूर्ण उघडली तर तेल एकदम मागे धावते आणि गाडी दाणकन आदळते. चाके परत फळ्यांवर टेकली की नट पक्के आवळावेत, जॅक आणि ठोकळे बाहेर काढावेत आणि मगच गाडी फळ्यांवरून खाली घ्यावी.